वर्गातला पॉडकास्ट : थांबायचं कुठं आणि बोलायचं कोणी

मंडळी, ‘शिक्षणात पॉडकास्ट आणि नवे डिजिटल तंत्रज्ञान’ हे नाव जरा भारदस्त आहे. आपण ते थोडं खाली उतरवून घेऊ. मोर्शी तालुक्यातली एखादी जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांपुढे आणा, दोन शिक्षक, चार वर्ग. तिथं या गोष्टीचा उपयोग होतो का, होत असेल तर कसा, एवढंच आज बघायचं आहे.

आधी शब्दाचा उलगडा करू. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ च्या फेब्रुवारीत बेन हॅमर्सली या पत्रकाराने ‘द गार्डियन’मधल्या एका लेखात पहिल्यांदा वापरला. ‘आयपॉड’मधला पॉड आणि ‘ब्रॉडकास्ट’मधला कास्ट, असा तो जोडशब्द. पण नुसती ध्वनिफीत म्हणजे पॉडकास्ट नव्हे. त्याच्यामागे ‘फीड’ नावाची एक यादी असते. नवा भाग तयार झाला की त्याची नोंद या यादीत पडते, आणि ज्यानं नाव नोंदवलं असेल त्याच्या फोनवर तो भाग आपोआप हजर होतो. सकाळी पेपर टाकणारा पोरगा जसा न सांगता दारात येतो, तसं. आपल्याकडे हे काम व्हॉट्सॲपचा ग्रुप करतो, पण तिथं सकाळच्या फुलांच्या चित्रांखाली तिसरीचा धडा चार दिवसांत गाडला जातो. फीडमध्ये पहिला भाग दोन वर्षांनीही जागच्या जागी सापडतो.

मग व्हिडिओ का नको, असं कोणी विचारेल. हिशोब करून बघू. बोलण्याचा आवाज साठवायला सेकंदाला ६४ किलोबिट पुरेसे होतात. दहा मिनिटांचे सेकंद ६००. गुणाकार करून आठाने भागलं की साधारण ४.८ एमबी येतात. त्याहून कसून दाबलं, म्हणजे ‘ओपस’सारख्या पद्धतीनं २४ किलोबिटवर आणलं, तर १.८ एमबी. तेवढ्याच वेळाच्या साध्या व्हिडिओला याच्या दहा-वीस पट जागा लागते. घरात एकच फोन, तोही बापासोबत दिवसभर वावरात, संध्याकाळी हातात येतो तेव्हा डेटा संपत आलेला. अशा घरी हा फरक फार मोठा आहे. शिवाय ऐकायला डोळे आणि हात मोकळे राहतात. शेंगा फोडता फोडता धडा ऐकता येतो.

आवाजातून शाळा चालवायचा मोठा प्रयोग आपल्या विदर्भात २०२० साली झाला. शाळा बंद होत्या, तेव्हा नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ लागायची. नागपूरचं विभागीय आयुक्तालय आणि ‘प्रथम’ संस्था यांनी मिळून ती चालवली. त्याच वर्षी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली. अडचणीच्या काळात या दोन्हींनी मोठं काम केलं. पण रेडिओची वेळ चुकली की धडा गेला. ही अडचण पॉडकास्टनं सुटते. दुसरी अडचण मात्र पॉडकास्टनंही सुटत नाही. आवाज एकीकडूनच येतो, मूल ऐकतं, आणि ऐकतंय का डुलक्या घेतंय हे कोणालाच कळत नाही. आज मुख्यतः या दुसऱ्या अडचणीबद्दल बोलायचं आहे.

यावरचा तोडगा आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाला ठाऊक होता. गाडगेबाबांचा जन्म अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा, १८७६ चा. त्यांचं कीर्तन म्हणजे सवाल-जवाब. बाबा साधा प्रश्न टाकायचे आणि थांबायचे. समोरचे हजारो लोक उत्तर द्यायचे. उत्तराचा आवाज बारीक आला की प्रश्न पुन्हा यायचा, जरा फिरवून. १९५६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाची ध्वनिफीत आजही ऐकायला मिळते. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले. शिक्षक मंडळींनी ती फीत एकदा भक्तिभाव थोडा बाजूला ठेवून, निव्वळ शिकवण्याची रीत म्हणून ऐकावी. कुठं थांबतात, किती थांबतात, लोकांचं उत्तर पूर्ण होऊ देतात की नाही, हे कागदावर टिपावं. डीएडच्या पुस्तकात हे इतकं स्वच्छ मिळत नाही.

हीच गोष्ट दूर मध्य अमेरिकेत, निकाराग्वा देशात, वेगळ्या वाटेनं सापडली. १९७४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी तिथं रेडिओवरून प्राथमिक शाळेचं गणित शिकवायला घेतलं. रेडिओतली पात्रं वर्गाला प्रश्न विचारत, आणि निवेदनात मुद्दाम काही सेकंद कोरे सोडलेले असत. सगळा वर्ग मोठ्यानं उत्तर देई, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगे. रेडिओचा पाठ संपला की पुढचा सराव शिक्षक घेत. मूल्यमापन झालं तेव्हा रेडिओच्या वर्गांतली मुलं गणितात पुढे निघाली. पुढे अनेक देशांनी ही पद्धत उचलली.

तेव्हा आपण धड्याचा भाग तयार करायला बसलो की पहिला नियम हा : कोऱ्या जागा आधी ठरवायच्या, बोलणं मागून लिहायचं. नाव किंवा रंग विचारला तर तीन-चार सेकंद पुरतात. तोंडी वजाबाकी दिली तर आठ-दहा लागतात. रेकॉर्ड करताना हे दहा सेकंद फार लांब वाटतात, आणि आपण घाईनं स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतो. वर्गातही आपण तेच करतो, हे इथं बसलेल्यांना वेगळं सांगायला नको.

बाकी तांत्रिक भाग थोडक्यात. स्टुडिओ लागत नाही. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, पण थोडा बाजूला धरायचा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ची हवा थेट माईकवर आदळत नाही. फोन फ्लाइट मोडवर, पंखा बंद. टिनाच्या खोलीत आवाज घुमतो. भिंतीला दोन गोधड्या टांगल्या की घुमणं बरंच कमी होतं. पाऊस सुरू झाला तर मात्र चहा प्यावा.

आता आपण बाजू पालटू. कोऱ्या जागेत मूल एक-दोन शब्द बोलतं. ते पूर्ण बोलतं व्हायचं असेल तर माईक त्याच्या हातात द्यावा लागतो.

मोर्शी-वरुडचा पट्टा संत्र्याचा. सातवीच्या पोरांना काम द्या : आजोबाला नाहीतर शेजारच्या बागवानाला विचारून आठ मिनिटांचा भाग करून आणा, विषय ‘बागेला ताण’. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडतात. झाडाची पालवी थांबते, पानं मलूल होतात, झाड अन्न साठवून ठेवतं, आणि पुन्हा पाणी मिळालं की नव्या फांद्यांऐवजी फूल धरतं. हलक्या जमिनीत ताण कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त, कारण काळी माती पाणी सोडतच नाही लवकर. मृग बहाराचं गणित पावसावर. मग डिंक्या, कोळशी, बोअर किती फूट गेला, पूर्वी विहिरीला पाणी कुठं लागायचं. विज्ञान, भूगोल आणि गणित एकाच मुलाखतीत येतात. आणि प्रश्न तयार करताना मुलाला आधी स्वतः समजून घ्यावं लागतं, नाहीतर आजोबा दोन वाक्यांत कटवतात.

इथं भाषेचा प्रश्न उभा राहतो. आजोबा म्हणणार, “पाणी तोडलं का झाड सुकते, मंग पाणी देल्लं का फुटते.” पोरगा घरी असंच बोलतो. वर्गात आला की ‘मले’ म्हटलं म्हणून हसू होतं, ‘जाऊन रायलो’ म्हटलं की दुरुस्ती होते. चार-पाच वेळा दुरुस्ती झाली की तो बोलणंच सोडतो, आणि आपण प्रगतिपुस्तकात लिहितो, ‘अबोल आहे’. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, त्यात वाद नाही. परीक्षा आणि अर्ज तिच्यातच आहेत. पण तिच्यासाठी वऱ्हाडीचं तोंड शिवायची गरज नाही. मुलाखत वऱ्हाडीत असू द्यावी, तिची प्रस्तावना मुलानं प्रमाण भाषेत बोलावी. दोन्ही त्याचीच, आणि कुठं कोणती वापरायची हे त्याला कळलं म्हणजे झालं.

नव्या तंत्रज्ञानाचा, म्हणजे ज्याला सगळे एआय म्हणतात त्याचा, विचारही इथंच करायला हवा. आज धड्याचं पान दिलं की दोन आवाजांत गप्पा मारल्यासारखा पॉडकास्ट यंत्रच तयार करून देतं. गूगलच्या ‘नोटबुक-एलएम’नं ही सोय २०२४ मध्ये आणली, २०२५ मध्ये ती पन्नासहून अधिक भाषांत गेली. उजळणीला ठीक आहे. मात्र शिक्षकानं आधी पूर्ण ऐकल्याशिवाय वर्गात लावू नये, कारण यंत्र चूकही तितक्याच गोड आवाजात सांगतं. आणि त्या गप्पांत मोर्शीचं कोणी नसतं.

आम्हाला जास्त उपयोगी वाटतं ते उलट दिशेचं यंत्र, बोललेलं ऐकून लिहून देणारं. ‘ओपन एआय’चं ‘व्हिस्पर’ २०२२ चं, केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ उपक्रमही त्याच वर्षीचा. ही यंत्रं आवाज ऐकून, आजवर पाहिलेल्या मजकुराच्या आधारे इथं कोणता शब्द असण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधतात. त्यांनी पाहिलेली मराठी बहुतेक छापील वळणाची. म्हणून ‘मले’चं ‘मला’ होऊन येण्याची, ‘डिंक्या’च्या जागी भलताच शब्द पडण्याची भीती मोठी. इथं मुलांना बसवावं. एका बाजूला ध्वनिफीत, दुसऱ्या बाजूला यंत्रानं लिहिलेलं, आणि हातात लाल पेन. आजवर ज्याच्या भाषेवर लाल पेन चालायचा, तो पोरगा आता यंत्राला सांगतो की आजोबा असं म्हणालेच नाहीत. लेखनाचा याहून चांगला तास आम्हाला तरी सुचत नाही.

दुरुस्त करताना जपायचं काय, हे शिकायला दूर जायला नको. आपल्याच तालुक्यातलं रिद्धपूर. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी नागदेवाचार्यांकडून ऐकल्या, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून पडताळल्या, आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालं. मराठी गद्याचा हा आरंभीचा मोठा ग्रंथ बोललेल्या शब्दांवर उभा आहे. पुढे मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली आणि ज्यांना पाठ होतं त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा बांधली गेली, असं महानुभाव परंपरा सांगते. आठवणाऱ्यांच्या सांगण्यात फरक पडला, तेव्हा पोथ्यांनी एकच पाठ ठेवून बाकीचे पुसले नाहीत. अमक्याची ‘वासना’ अशी, तमक्याची तशी, म्हणून पाठभेद नावानिशी नोंदवले. आज रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. शाळेनं आपल्या फितींसाठी हीच शिस्त घ्यावी : यंत्राचा पाठ, मुलांनी दुरुस्त केलेला पाठ आणि मूळ आवाज, तिन्ही ठेवावेत. दोन आजोबांनी ताणाचे दिवस वेगवेगळे सांगितले तर दोन्ही लिहावेत, जमीन कोणती तेही लिहावं.

एक सावधगिरी. मुलाचा आवाज ही त्याची खासगी माहिती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. फीड जगाला खुली करण्याआधी घरी विचारा, पूर्ण नाव आणि शाळेचा पत्ता भागात येऊ देऊ नका. मुलाखत देणाऱ्या म्हाताऱ्यालाही आधी सांगा की हे कुठवर जाणार आहे. तो नको म्हणाला तर फीत शाळेच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर राहील, वर्गाला तेवढीही पुरते. पेनड्राइव्ह मात्र दोन असावेत, आणि प्रत्येक फितीच्या नावात गाव, महिना आणि विषय लिहिलेला असावा, कारण ‘ऑडिओ-००४७’ नावाच्या फायलीत काय आहे हे पुढच्या वर्षी लावणाऱ्यालाही आठवत नाही.