खेळणारी डोकी मोजताना

रोज दुपारी साडेचारला 'ईव्ह ऑनलाइन' या खेळातल्या सगळ्यांना बाहेर काढतात. आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा हा अंतराळातल्या लढायांचा आणि व्यापाराचा खेळ २००३पासून चालू आहे. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू त्यात एकाच सर्व्हरवर असतात. त्या सर्व्हरची रोजची झाडलोट जागतिक वेळेनुसार सकाळी अकराला होते, तेव्हा आपल्याकडे साडेचार वाजलेले असतात. या घडीला आत किती जण आहेत तो आकडा कंपनी दारावरच लावते, आणि एखाद्या छोट्या प्रोग्रॅमला वाचता येईल अशा रूपातही देते. असा आठ-दहा ओळींचा प्रोग्रॅम माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालू असतो. दर पाच मिनिटांनी आकडा वाचायचा आणि वेळेसकट फाइलीत लिहायचा, एवढंच त्याचं काम.

त्या फाइलीचा आलेख काढला की साडेचारला सरळ कडा दिसतो, मग काही मिनिटं जमिनीलगतची रेघ, आणि मग चढण. मला त्या चढणीत जास्त रस आहे. दार उघडताच आत शिरणारे म्हणजे टपून बसलेले, खरोखर खेळणारे. बंद होण्याआधीच्या गर्दीत मात्र यान स्थानकात लावून जेवायला, झोपायला किंवा कामावर गेलेलेही असतात. पडद्यावर त्यांचं पात्र हजर असतं, पण कीबोर्डवर हात कोणाचाच नसतो. साफसफाईच्या निमित्ताने ते गळतात आणि परत यायला वेळ लावतात. मोजणी व्हावी म्हणून कोणी हे ठेवलेलं नाही. पण बाहेरून मोजणाऱ्याचा सगळा धंदाच अशा फटींवर चालतो. कंपनीने भलत्याच कारणासाठी उघडी ठेवलेली फट शोधायची आणि ती बुजेपर्यंत तिला डोळा लावून बसायचं.

ईव्हचा एकाच वेळी हजर असलेल्यांचा गाजलेला विक्रम ५ मे २०१३चा, ६५,३०३. यावरून 'ईव्ह पासष्ट हजार लोक खेळतात' असं कोणी म्हणालं, तर ते दोन्ही बाजूंनी चुकतं. एक माणूस तीन-चार खाती एकदम उघडून बसतो, खेळाच्या नियमांत ते चालतं, म्हणून माणसं कमी. आणि त्या क्षणी आत नसलेले, पण त्याच आठवड्यात खेळून गेलेले कितीतरी, म्हणून माणसं जास्त.

हजर किती यावरून आले किती हे काढायचं तर तिसरी गोष्ट लागते: एकेक जण थांबतो किती वेळ. खानावळीत पाहावं तेव्हा चाळीस ताटं मांडलेली दिसतात. जेवणारा वीस मिनिटांत उठत असेल तर तासाला एकशेवीस माणसं जेवून जातात. गप्पा मारत तासभर बसत असेल तर चाळीसच. जॉन लिटल या संशोधकाने १९६१मध्ये याची सिद्धता दिली, आणि तेव्हापासून रांगांचा विचार करणारा प्रत्येक जण हा नियम वापरतो. खेळाला तो लावून पाहू. समजा, दिवसभरात सरासरी दहा हजार जण हजर असतात. म्हणजे दिवसाला दोन लाख चाळीस हजार माणूस-तास झाले. माणशी दोन तास धरले तर एक लाख वीस हजार माणसं, चार तास धरले तर साठ हजार. हजेरीचा आकडा पाचव्या अंकापर्यंत अचूक असला तरी उत्तर अंदाजाने धरलेल्या त्या एका संख्येपायी दुप्पट होतं किंवा निम्मं होतं. आणि कोण किती वेळ बसला हे कंपनी दारावर लावत नाही.

थोडा आधार मिळतो तो स्टीमकडून. संगणकावरच्या खेळांचं हे सर्वांत मोठं दुकान. वॉल्व्ह या मालक कंपनीने २०२०चा हिशोब दिला होता: महिन्याला १२ कोटी, दिवसाला ६ कोटी २६ लाख आणि एका वेळी जास्तीत जास्त २ कोटी ४८ लाख वापरणारे. २०२१चे आकडे अनुक्रमे १३ कोटी २० लाख, ६ कोटी ९० लाख आणि २ कोटी ७४ लाख. भागाकार करून पाहा. दोन्ही वर्षी दिवसाचे लोक शिखराच्या अडीचपट आणि महिन्याचे पाचपटीला जरा कमी येतात. गुणोत्तर जवळपास हललेलं नाही हे पाहून मला कोण आनंद झाला होता! पण हा अडीचचा पाढा कुठल्याही एका खेळाला लावून चालत नाही. स्टीम संगणकाबरोबर आपोआप सुरू होतं, म्हणजे त्या कोट्यवधींत नुसता संगणक चालू करून एक्सेल भरणारेही आले. शिवाय खेळाखेळाचा स्वभाव वेगळा. वीस मिनिटांच्या डावांच्या खेळात दिवसभर माणसं येत-जात राहतात. ईव्हसारख्या खेळात शिरलेला माणूस संध्याकाळ तिथेच काढतो, त्यामुळे हजेरी फुगलेली दिसते आणि डोकी कमी निघतात.

हजेरीचा आकडाच मिळत नसे, तेव्हाची मोजणी खरी मेहनतीची. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' जोरात होता त्या काळात मीही मोजणीच्या त्या स्वयंसेवी फौजेत होतो. खेळात 'स्लॅश हू' ही आज्ञा होती. ती टंकली की आत्ता कोण खेळतंय त्याची यादी यायची: नाव, पातळी, वंश, वर्ग, आणि कुठल्या भागात आहे ते. सोबत्यांना शोधून टोळी जमवावी म्हणून ही सोय. पण यादी पन्नासच्या आसपास तुटायची. सर्व्हरवर हजारो जण असोत, दिसणार पन्नास.

त्यावर उपाय म्हणजे प्रश्न बारीक करत जाणं. साठाव्या पातळीचे सगळे मागितले की यादी भरून तुटते. मग साठाव्या पातळीचे फक्त वॉरियर मागायचे. तरी तुटली तर साठाव्या पातळीचे ऑर्क वॉरियर. तेव्हा कुठे एकतीस नावं येतात आणि कळतं की हा कप्पा पुरता मोजून झाला. मग पुढचा कप्पा. 'सेन्सस प्लस' नावाचं एक जोडसॉफ्टवेअर हे आपोआप करायचं. दोन प्रश्नांमध्ये काही सेकंद थांबायची सक्ती सर्व्हरने घातलेली, त्यामुळे भरलेल्या सर्व्हरची एक फेरी चांगलीच लांबायची. तेवढ्यात पहिल्या कप्प्यातले काही उठून गेलेले आणि शेवटच्यात नवे आलेले असत. शिवाय खेळातल्या दोन गोटांपैकी होर्डवाल्याला होर्डचेच दिसत, अलायन्सचे नाहीत. म्हणून पलीकडच्या गोटातही एक पात्र काढून ठेवावं लागे आणि तिथून फेरी मारावी लागे. शेवटी तयार झालेली फाइल एका ठिकाणी पाठवायची, तिथे जगभरच्या फायली एकत्र होत.

यादी वाचायची सवय झाली की नावांमागचं दिसायला लागायचं. पहिल्या पातळीचा ऑर्क आणि मुक्काम ऑर्कांच्या राजधानीत, ऑर्ग्रिमारला, म्हणजे नवा खेळाडू नव्हे. नवा ऑर्क जन्मतो दुरोटारच्या दरीत आणि तिथली रानडुकरं मारत दोन-तीन पातळ्या सहज चढतो. पहिल्याच पातळीवर राजधानीत, लिलावघराजवळ ठाण मांडून बसलेलं पात्र हे कोणा जुन्या खेळाडूचं कोठार असतं: सामान ठेवायला आणि बोली लावायला काढलेलं. आम्ही त्याला 'बँक' म्हणायचो. मोजणीच्या आकड्यात असल्या बँका पोत्याने असत. पार्क या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रातल्या निकोला दुशनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही याच 'हू'च्या आधारे काही सर्व्हरांवरच्या लाखावर पात्रांची हजेरी घेतली आणि २००६मध्ये निबंध छापला. त्यांना गर्दीत लोक एकेकटेच कसे खेळतात हे पाहायचं होतं. मोजणीची यंत्रणा मात्र आमच्यासारखीच, आणि तिलाही पात्र दिसायचं, माणूस नाही.

गंमत म्हणजे माणसांचा आकडा कंपनी स्वतःच जाहीर करत होती. ऑक्टोबर २०१०मध्ये वॉरक्राफ्टच्या ब्लिझार्ड कंपनीने १ कोटी २० लाख वर्गणीदार सांगितले. त्याखालची बारीक अक्षरं वाचण्यासारखी होती. दरमहा पैसे भरणारे त्यात होतेच, शिवाय आशियातल्या गेमिंग कॅफेंमधून गेल्या तीस दिवसांत एकदा तरी खेळलेले. म्हणजे अमेरिकेत 'खेळतो' म्हणजे पैसे भरतो, मग महिनाभर फिरकला नाही तरी चालेल. आणि चीनच्या कॅफेत 'खेळतो' म्हणजे महिन्यातून एकदा डोकावला. दोन वेगळी मापं, बेरीज मात्र एक. २०१५च्या अखेरीस आकडा ५५ लाखांवर आल्यावर ब्लिझार्डने वर्गणीदार जाहीर करणंच थांबवलं. उतरता आकडा दुकानाबाहेर कोण लावून ठेवेल?

स्टीमवरची मोजणी वेगळ्या वाटेने गेली. तिथे प्रत्येकाला ओळख क्रमांक असतो आणि एकेकाळी बहुतेकांची माहिती उघडी होती: कुठले खेळ घेतले, गेल्या दोन आठवड्यांत किती तास खेळले. सेर्गेई गल्योन्किन यांनी २०१५मध्ये 'स्टीम स्पाय' सुरू केलं. क्रमांक यादृच्छिकपणे उचलायचे, माहिती पाहायची आणि नमुन्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा. मोठ्या खेळांना हे छान जमायचं. पण दहा हजारांत एकाकडे असलेला छोटा खेळ घ्या. एक लाखाच्या नमुन्यात त्याचे दहाच जण सापडणार, आणि नमुना बदलला की ते सात होतील किंवा तेरा. नवख्या गेमवाल्यांची पोटं नेमकी याच छोट्या खेळांवर, आणि अंदाज नेमका तिथेच डळमळीत. 'सक्रिय' म्हणजे दोन आठवड्यांत खेळलेला ही व्याख्याही कोणी विचार करून ठरवली नव्हती. स्टीमच्या पानावर दोन आठवड्यांचे तास दिसतात, म्हणून ती. एप्रिल २०१८मध्ये वॉल्व्हने खेळांची यादी सगळ्यांसाठी मुळातच झाकलेली ठेवली आणि ही फट मिटली.

काही आठवड्यांत दुसरी सापडली, आणि ती मला सर्वांत देखणी वाटते. खेळात एखादी करामत केली की बिल्ला मिळतो, आणि तो किती टक्के खेळाडूंना मिळाला हे स्टीम दाखवतं. पानावर एक दशांश दिसायचा, पण प्रोग्रॅमसाठी दिलेल्या माहितीत दशांशचिन्हापुढे रांगच्या रांग असायची. टायलर ग्लायल या गेम बनवणाऱ्याच्या लक्षात आलं की टक्केवारी इतकी तपशिलात असेल तर अपूर्णांक उलटा काढता येतो. कागदावर करून बघा. एक बिल्ला ४१.१७६४७०५८८२ टक्क्यांना मिळाला आहे. हे फक्त सतराच्या पाढ्यात बसतं: सात सप्तदशांश. दुसरा २३.५२९४११७६४७, म्हणजे चार सप्तदशांश. तिसरा १४.७०५८८२३५२९ सतरात बसत नाही, चौतिसात बसतो: पाच. झालं, खेळाडू ३४ आहेत, किंवा चौतिसाच्या पटीत. बिल्ले जितके जास्त तितका छेद पक्का. 'आर्स टेक्निका' या संकेतस्थळाने जुलै २०१८मध्ये याच रीतीने काढलेले आकडे छापले. 'टीम फोर्ट्रेस २'चे खेळाडू ५,०१,९१,३४७. शेवटच्या सातपर्यंत! पण तो आयुष्यात एकदा तरी खेळ उघडून गेलेल्यांचा आकडा. त्यातले गेल्या महिन्यात किती खेळले याबद्दल त्यात अवाक्षर नाही. वॉल्व्हने लगेच टक्केवारीचे दशांश छाटून द्यायला सुरुवात केली.

आता स्टीमवर उरली आहे ती हजेरी. तिचंही जून २०२४मध्ये काय झालं ते पाहण्यासारखं होतं. 'बनाना' नावाचा फुकट खेळ, त्यात एक केळं, त्यावर टिचक्या मारायच्या. अधूनमधून एक चित्रातलं केळं बक्षीस मिळतं, ते बाजारात काही पैशांना विकता येतं. एका वेळची हजेरी नऊ लाखांच्या वर गेली. त्यात मोठा वाटा बॉटांचा, म्हणजे माणसाऐवजी खेळणाऱ्या प्रोग्रॅमांचा, आहे हे बनवणाऱ्यांनीच मान्य केलं.

मोबाइलवर तर हजेरीही लावत नाहीत. नागपूरला कॉलेजात असलेला माझा भाचा एकदा म्हणाला, "मामा, तू सगळ्यांचं मोजत असतोस, मग बीजीएमआय किती जण खेळतात सांग." बीजीएमआय म्हणजे 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा मोबाइलवरचा लढाईचा खेळ. त्याच्या क्राफ्टन कंपनीने जुलै २०२२मध्ये सांगितलेला आकडा होता: १० कोटी नोंदणीकृत. त्याच महिन्याच्या शेवटी सरकारी आदेशाने खेळ दुकानांतून काढला गेला, तो मे २०२३मध्ये परतला. नोंदणी या सगळ्यात दहा कोटीच. ती वाढते, कमी कधी होत नाही.

मग आम्ही ताडोबातल्या वाघांची रीत लावली. कॅमेऱ्यात टिपलेला वाघ पट्ट्यांवरून ओळखतात, आणि दुसऱ्या खेपेला त्यातले किती पुन्हा दिसतात यावरून एकूण वाघांचा अंदाज बांधतात. भाच्याने रात्रीच्या डावांत वर सरकणाऱ्या 'कोणी कोणाला मारलं'च्या पट्टीतली नावं वहीत उतरवायची. स्वतः मेला तरी बाहेर पडायचं नाही, प्रेक्षक म्हणून शेवटपर्यंत बसायचं. समजा, पहिल्या रात्री १२० नावं मिळाली, दुसऱ्या रात्री १५०, आणि ३ नावं दोन्हीकडे आली. १२० गुणिले १५०, भागिले ३, म्हणजे सहा हजार. दोनच नावं जुळली असती तर नऊ हजार. चार जुळली असती तर साडेचार. त्यात नाव बदलायचं कार्ड मिळतं, आणि खालच्या पातळ्यांवर समोरचे बरेचसे बॉटच असतात.

"मग याला भारताने गुणायचं ना?" त्याने विचारलं. गुणायचं नाही. खेळ त्याला त्याच्याच पातळीच्या, त्याच्याच वेळी जागणाऱ्यांशी भिडवतो, म्हणून हा अंदाज फक्त त्याच्या 'क्राउन' या पातळीवरच्या, रात्री दहा ते बारा खेळणाऱ्यांचा. मी त्याला कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे आणि त्यापुढे या अटी लिहून दिल्या. त्याने ग्रुपवर त्यातला मोठा आकडा टाकला, पुढे अधिकचं चिन्ह लावून.