घरातलं तळं (भाग ९) : मंडईतली भाजी माशांना चालते का?

गेल्या आठवड्यात आपण तयार खाद्याच्या डबीवरचा मजकूर कसा वाचायचा ते पाहिलं. त्यापाठोपाठ येणारा प्रश्न थेट स्वयंपाकघरातला आहे. सकर, मॉली, गोल्डफिश यांना वनस्पतिजन्य आहार मानवतो, मग भाजीसाठी चिरलेल्या दुधीची एक चकती टाकीत सोडली तर? चालते. पण ती कोणत्या टाकीत पडते आणि त्या टाकीत कोण राहतं, यावर बरंच अवलंबून आहे.

अडचण फवारणीच्या अंशाची. भाज्यांत कीटकनाशक जास्तीत जास्त किती असावं, याची मर्यादा ‘एफएसएसएआय’ माणसाच्या खाण्याचा विचार करून ठरवते. मासा भाजी खातो आणि ती भिजत पडलेल्या पाण्यातच श्वासही घेतो, म्हणजे औषध पोटातून जातं तसं कल्ल्यांतूनही जातं. त्यात सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधं माणसाचं शरीर झपाट्याने मोडून टाकतं. माशाच्या शरीरात हे काम फार संथ चालतं.

तरीही साप साप म्हणून भुई धोपटायला नको. एक हिशेब मांडून पाहू. भाजीत किलोमागे अर्धा मिलिग्रॅम सायपरमेथ्रीन आहे असं धरलं, तर १० ग्रॅमच्या पानात ५ मायक्रोग्रॅम असेल. ५० लिटरच्या टाकीत ते सगळं उतरलं तरी लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम होतं. नाजूक मासे दगावतात ती पातळी साधारण लिटरमागे १ मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. शिवाय हे औषध पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा आणखी खाली राहतो. मात्र तेच पान ५ लिटरच्या बाऊलमध्ये टाकलं, तर आकडा दसपट होऊन थेट धोक्याच्या रेषेवर जातो. आणि टाकीत चेरी श्रिम्प असतील तर मोठी टाकीही वाचवत नाही. कोळंबीच्या कुळातल्या काही जिवांना ०.१ च्या कितीतरी खालची मात्राही मारक ठरते. बुरशीसाठी मारलेल्या मोरचुदातलं तांबंही श्रिम्प आणि गोगलगायींना सोसत नाही, आणि उकळल्याने तांबं नष्ट होत नाही.

म्हणून भाजी निवडताना ती शेतात कशी वाढते ते आठवावं. मटार सर्वांत बरा, कारण फवारा शेंगेवर बसतो आणि शेंग आपण फेकून देतो. दुधी, दोडका, काकडी यांची साल जाड काढावी. सकर तोंडाने पृष्ठभाग खरवडून खातो, त्यामुळे साल ठेवली तर तो नेमका फवारा बसलेला थरच आधी खाणार. पालेभाजीला सोलणं नाही आणि पानांचा पसारा मोठा, म्हणून ती शेवटचा पर्याय. कोबी-फ्लॉवरवर अळीसाठी फवारण्या बऱ्याच होतात. त्या टाळलेल्या बऱ्या.

धुण्याने किती फरक पडतो? २०१७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सफरचंदांवर दोन कीटकनाशकं लावून पाहिलं. खाण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरचा अंश निघून गेला. आत मुरलेला मात्र तसाच राहिला. आंतरप्रवाही औषधं तर झाडाच्या रसातूनच पसरतात, तिथे धुणं आणि सोलणं दोन्ही अपुरं. सोडा वापरलात तर भाजी नंतर वाहत्या पाण्याखाली नीट धुवा, कारण सोड्याने टाकीचा पीएच वाढतो. साबण मुळीच नको.

धुऊन, सोलून झाल्यावर चकती बिनमिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवावी. ती मऊ होते, लवकर बुडते. ते पाणी ओतून द्यावं, टाकीत घालू नये. मटार सोलून, दाण्याचं साल काढून, चिरडून द्यावा. दुधी किंवा काकडीचा तुकडा आधी स्वतः चाखावा. कडू लागला तर टाकून द्यावा. उरलेली भाजी काही तासांत बाहेर काढावी. ती कुजली की अमोनिया वाढतो, आणि घरच्या टाकीत मासे फवारणीपेक्षा या अमोनियाने दगावण्याची शक्यता जास्त.

थोडक्यात, ५० लिटरची टाकी आणि फक्त मासे असतील तर सोललेली भाजी आठवड्यातून एकदोनदा बिनधास्त द्या. लहान बाऊल असेल किंवा श्रिम्प पाळले असतील, तर कुंडीत स्वतः लावलेला, कधीच न फवारलेला पालक एवढाच भरवशाचा.

(पुढील आठवड्यात : नळाचं पाणी आणि क्लोरीन)