पुन्हा बसणारं पॅकिंग

मुरबाड तालुक्याला आजही रेल्वे नाही. धसईहून म्हसा, तिथून मुरबाड आणि पुढे तीसेक किलोमीटरवर कल्याण, याच वाटेनं इथला बाजार, दवाखाना आणि कचेरी चालत आली. मोटारसायकल या भागात आली ती दूध, भात आणि माणसं वाहायला. तिचं इंजिन उघडलं की पिस्टनच्याही आधी काळजी लागायची पॅकिंगची. दोन भागांच्या सांध्यात बसणारं, चार पैशांचं ते पातळ पान फाटलं, तर नव्यासाठी कल्याण गाठायचं, म्हणजे एसटीत अख्खा दिवस घालवायचा. त्यातून जुनं पॅकिंग पुन्हा बसवायची रीत पडली. साठेक वर्षांत ती कुठे शहाणपणाची ठरली आणि कुठे अंगाशी आली, हे मांडावंसं मला फार दिवस वाटत होतं. जुन्या गाड्या जिवापाड जपणारी माणसं अजून गावोगाव आहेत. त्यांना नीट सांगणारे मिस्त्री मात्र कमी होत चाललेत.

सुरुवात राजदूतपासून करावी लागते. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडच्या एसएचएल गाडीच्या आराखड्यावर ही १७३ सीसीची टू-स्ट्रोक गाडी बनवायला घेतली. त्याच सुमारास म्हैसूरच्या आयडियल जावामधून जावा बाहेर पडू लागली, १९७३ पासून तिची येझ्दी झाली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून खडीच्या रस्त्यानं जाणारी राजदूत ग्रामीण महाराष्ट्रानं कित्येक वर्षं पाहिली. टू-स्ट्रोकच्या हेडमधून तेलाची वाट जात नाही. तिथल्या पॅकिंगला एकच काम, जळणाऱ्या वायूचा दाब अडवायचा. बऱ्याच टू-स्ट्रोक गाड्यांत त्यासाठी तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची चकती असे, आणि धातूची चकती पुन्हा वापरता येते. फक्त ती आहे तशी उचलून बसवायची नसते.

तांबं दाबलं की कडक होतं. एकदा हेडखाली चेपलेली चकती तशीच परत बसवली, तर ती दोन्ही बाजूंच्या बारीक खाचांत शिरत नाही आणि वायू फुसफुसत बाहेर येतो. म्हणून ती आधी तापवायची. सावलीत, मंद लालसर दिसेपर्यंत. मग पाण्यात बुडवा किंवा तशीच निवू द्या, काही फरक पडत नाही. पाण्यानं पोलाद कडक होतं, तांबं होत नाही. वरची काळी पापडी बारीक पॉलिश पेपरनं काढली की चकती पुन्हा नव्यासारखी मऊ. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकताना मधूनमधून भट्टीत घालतात, ते याच कारणानं. मोटारसायकल यायच्या कितीतरी आधीपासून हे ज्ञान महाराष्ट्रात होतं, आणि ज्या मिस्त्रीनं ते इंजिनावर पहिल्यांदा वापरलं असेल त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

अॅल्युमिनियमची गोष्ट अवघड. ते लाल होऊन इशारा देत नाही, ६६० अंशांना सरळ वितळतं. त्यावर उपाय अंगाच्या साबणाचा. चकतीवर साबणाचा हात फिरवायचा, खालून आच द्यायची आणि साबण काळा पडला की लगेच थांबायचं.

कागदी पॅकिंगचा हिशेब निराळा. क्लच कव्हर आणि मॅग्नेट कव्हर वरचेवर उघडावी लागत, क्लच प्लेटसाठी, पॉइंट साफ करायला. घाईनं उघडलं की अर्धा कागद कव्हरला चिकटून येई, अर्धा इंजिनावर राही. ज्याला पुढचा विचार असे तो नव्या कागदाला दोन्ही अंगांनी ग्रीसचा हलका हात देऊन बसवी. मग पुढच्या वेळी लाकडी हातोडीनं कव्हरच्या कडेला दोन टिचक्या मारल्या, की ते अख्खं सुटून येई. असं अख्खं निघालेलं, कुठे न चिरलेलं, बोल्टच्या भोकांपाशी न चेपलेलं पॅकिंग पुन्हा बसवण्यात काहीच चूक नाही, कारण तिथे फक्त तेलाचा शिंतोडा अडवायचा असतो, दाब नसतो. बुलेटच्या बुचाच्या पॅकिंगलाही हाच न्याय. ते सुकून आखडलं असेल तर कोमट पाण्यात ठेवलं की फुगून मापात येतं.

फाटलंच तर घरी कापायचं. पॅकिंग शीट कव्हरवर धरायची आणि गोल तोंडाच्या छोट्या हातोडीनं कडेकडेनं ठोकत जायचं. धातूची धारच कागद कापते. शीट नसेल तर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठाही लोकांनी वापरला. क्लच कव्हरला तो तात्पुरता चालतो. टू-स्ट्रोकच्या ब्लॉकखाली किंवा क्रँककेसवर अजिबात नाही. तिथून हवा आत शिरली की पेट्रोलचं मिश्रण विरळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. शिवाय ब्लॉकखालच्या पॅकिंगच्या जाडीवर सिलिंडरच्या भोकांची उंची ठरते. जाड पुठ्ठा घातला की गाडीची चालच बदलते.

एक सावधगिरी तेव्हा कुणी सांगितली नाही. त्या काळच्या पॅकिंग शीटमध्ये अॅसबेस्टॉस सर्रास असे. वाळलेलं पॅकिंग खरवडून त्यावर फुंकर मारणं म्हणजे तो धागा छातीत घेणं. अॅसबेस्टॉस कामगारांच्या आरोग्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९५ सालचा. गावातल्या गॅरेजपर्यंत त्यातलं काय पोचलं असेल! आजही जुनं इंजिन उघडणाऱ्यानं पॅकिंग तेलानं किंवा पाण्यानं भिजवूनच काढावं.

मग १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर, आणि गावाकडच्या रस्त्यांवर फोर-स्ट्रोकचं राज्य सुरू झालं. माझ्या मते खरं नुकसान इथे झालं. राजदूतवर शिकलेला हात तीच सवय घेऊन स्प्लेंडरकडे वळला. पण या इंजिनात हेड पॅकिंगला दाबाबरोबर तेलाची वाटही सांभाळावी लागते. ते अनेक थरांचं, एकदाच चेपण्यासाठी केलेलं असतं. तापवून मऊ होत नाही. पुन्हा बसवलेलं हेड पॅकिंग महिनाभर चालतंही, आणि मग सिलिंडरच्या पंखांवर तेलाची ओल दिसू लागते. हेडच्या चार नटांपैकी एकाखाली तांब्याचं वॉशर येतं, कारण तिथून तेल वर चढतं. ते दुसऱ्या नटाखाली गेलं, तरी तीच ओल. अशा वेळी दोष कंपनीला दिला जाई.

त्यात ट्यूबमधलं अॅनाबाँड, म्हणजे सांधे बुजवायचा चिकट लेप, आलं. पॅकिंग जुनं असो, फाटकं असो, वर जाड थर फासायचा. कव्हर आवळलं की तो थर बाहेर दिसतो तेवढाच आतही येतो, त्याचे तुकडे तेलात पडतात आणि तेलाच्या जाळीत अडकतात. कव्हर सुकं राहतं, वर कॅमला तेल पोचत नाही. ही सवय मला जुन्या काटकसरीपेक्षा घातक वाटते. काटकसर करणारा निदान पॅकिंग हातात घेऊन बघत तरी होता. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस तर फटीतून पाणी घालतोच. श्रावणात दुधाळ झालेलं इंजिन ऑइल या भागात नवं नाही.

नोटाबंदीनंतर, १ डिसेंबर २०१६ ला, धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं आणि गावाचं नाव देशभर गेलं. आता फोनवरून पैसे जातात आणि स्प्लेंडरचा पॅकिंग सेट मुरबाडलाच मिळतो. स्वस्तही आहे. तेव्हा हेड उघडलं की नवं पॅकिंग, यावर आता वाद नसावा. येझ्दीचं तसं नाही. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला. त्या गाडीचे सेट कुरियरनं येतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी बनलेले, जाडीत फरक असलेले. म्हणून तिचं जुनं पॅकिंग फाटलं तरी टाकायचं नाही. न चेपलेल्या जागी कॅलिपरनं जाडी मोजायची, वहीत लिहायची, नवं आलेलं त्यावर ठेवून सगळी भोकं जुळतात का ते पाहायचं, आणि जुळत नसेल तर जुन्याच्याच मापानं शीट कापायची.