मातीच्या पोटात मुरणारी वाईन

जॉर्जियाच्या पूर्वेकडील काखेती प्रांतात एखाद्या शेतकऱ्याच्या घरी वाईनचे कोठार पाहायला गेलेला पाहुणा आधी चक्रावतोच. लाकडी पिंपांच्या रांगा नाहीत, पोलादी टाक्या नाहीत, बाटल्यांची मांडणीही नाही. साध्या खोलीच्या जमिनीत काही गोल तोंडे तेवढी दिसतात. त्यांखाली माणूस उभा राहील एवढे मातीचे रांजण गाडलेले असतात. या रांजणाला तेथे ‘क्वेव्री’ म्हणतात आणि खोलीला ‘मारानी’. आपल्याकडे धान्य साठवण्यासाठी जमिनीत पेव खणत असत. पेव आणि रांजण यांची सांगड घातली, की क्वेव्रीची बरीचशी कल्पना येते. (हा जॉर्जिया काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्या कुशीतला देश, त्याच नावाच्या अमेरिकी राज्याशी त्याचा संबंध नाही.)

साधी पांढरी वाईन करताना द्राक्षे दाबून रस काढतात आणि साली लगेच बाजूला टाकतात. लाल वाईनमध्ये साली रसाबरोबर ठेवतात. रंग आणि तुरटपणा त्यांच्यातूनच उतरतो. काखेतीची रीत अशी, की तेथे पांढऱ्या द्राक्षांनाही लाल द्राक्षांसारखेच वागवले जाते. पोकळ केलेल्या ओंडक्यात पायांनी तुडवलेली द्राक्षे रस, साली, बिया आणि बरेचदा देठांसकट क्वेव्रीत ओततात. बाहेरून यीस्ट घालण्याची पारंपरिक पद्धत नाही. द्राक्षांबरोबर आलेले यीस्टच आंबवण्याचे काम करते. वायूच्या जोराने साली वर येऊन त्यांचा जाड थर बसतो. तो दिवसातून अनेकदा लांब दांड्याने खाली ढकलावा लागतो, नाहीतर वाईनचे व्हिनेगर होण्याची भीती. आंबणे संपले, की साली आपोआप खाली बसतात. मग तोंडावर दगडी झाकण ठेवून ते ओल्या मातीने लिंपले जाते आणि पाच-सहा महिने, म्हणजे थेट वसंतापर्यंत, कोणी त्याला हात लावत नाही.

रांजणाच्या निमुळत्या आकारातही शहाणपण आहे. जड बिया सर्वांत आधी टोकाशी जमा होतात, त्यांच्यावर सालींचा आणि गाळाचा थर बसतो. त्यामुळे बियांचा कडवटपणा वाईनपासून बऱ्याच अंशी दूर राहतो. भोवतालची जमीन उन्हाळ्या-हिवाळ्यात तापमान फारसे हलू देत नाही. आतून मधमाश्यांचे मेण फिरवलेले असते. त्याने मातीची छिद्रे पुरती बुजत नाहीत, पण वाईन झिरपून जात नाही. सालींतून उतरलेली टॅनिन द्रव्ये वाईनला हवेपासून काहीसे संरक्षणही देतात. यंत्र नाही, वीज नाही; तरीही प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे. पश्चिमेकडील इमेरेती प्रांत अधिक दमट. तेथे सालींचा थोडाच भाग रांजणात घालतात, म्हणून तिकडची वाईन हलकी लागते.

अशा रीतीने बनलेली ‘रकात्सितेली’ जातीच्या द्राक्षाची वाईन पेल्यात ओतली, की तिचा रंग मधासारखा किंवा फुटलेल्या चहासारखा दिसतो. जॉर्जियात तिला अंबर वाईन म्हणतात. सुकलेले जर्दाळू, अक्रोडाची साल, कोरा कडक चहा असा काहीसा तिचा गंध. जिभेवर मात्र ती चांगलीच तुरट. थंडगार, फळाळ पांढऱ्या वाईनची अपेक्षा ठेवून पहिला घोट घेणाऱ्याचा विरस ठरलेला. फार थंड केली तर हा तुरटपणा आणखी बोचतो. तळघराच्या गारव्याइतकीच ती थंड असावी. चाखण्याच्या कार्यक्रमांत ओळीने मांडलेल्या पेल्यांमध्येही ती बरेचदा मागे पडते, कारण ती मुळात नुसती पिण्यासाठी नाही. राजम्यासारख्या शेंगादाण्यांचे ‘लोबिओ’, अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी, चीज भरलेली ‘खाचापुरी’ असा तेलकट-स्निग्ध ऐवज ताटात आला, की तोच तुरटपणा तोंड स्वच्छ करतो आणि वाईन एकदम गोड वाटू लागते. लाल वाईनसाठी ‘सापेरावी’ हे द्राक्ष प्रसिद्ध आहे. नावाचा अर्थच रंग देणारे. त्याचा गरही तांबडा असतो.

क्वेव्रीतली सगळीच वाईन उत्तम असते असे नाही. आंबूस, उंदराच्या बिळासारखा वास मारणारी वाईनही ‘नैसर्गिक’ या नावाखाली खपवली जाते. रांजण नीट घासला गेला नाही, तर त्याचा दोष पुढच्या वर्षीच्या वाईनमध्ये उतरतो. म्हणून तो रिकामा झाला, की चेरीच्या सालीचा ब्रश घेऊन माणसाला आत उतरावे लागते.

ही पद्धत आज दिसते, याचे श्रेय कारखान्यांना नाही. सोव्हिएत राजवटीत वाईन हे सरकारी उत्पादन झाले. मोजक्या जाती, मोठ्या टाक्या आणि रशियन ग्राहकाच्या आवडीची गोडसर लाल वाईन, असे तिचे रूप ठरले. 1985 मध्ये गोर्बाचेव्ह यांनी मद्यविरोधी मोहीम सुरू केली आणि द्राक्षबागाच उपटल्या गेल्या. 500हून अधिक स्थानिक जातींपैकी कित्येक नावापुरत्या उरल्या. या काळात क्वेव्री टिकली ती घरोघरच्या मारानीत. विकण्यासाठी वेगळी वाईन आणि घरच्या लग्नाकार्यासाठी, ‘सुप्रा’ या लांबलचक मेजवानीसाठी, वेगळी असा सरळ व्यवहार होता. मेजवानीचा सूत्रधार ‘तामादा’ एकामागून एक शुभेच्छा देतो आणि त्या वेळी पेल्यात घरच्या रांजणातलीच वाईन हवी, हा आग्रह कोणत्याही सरकारी योजनेपेक्षा चिवट ठरला.

बाहेरच्यांचे लक्ष मग हळूहळू वेधले गेले. इटलीच्या ईशान्य सीमेवरील योश्को ग्राव्हनर हे नामवंत वाईन उत्पादक 2000 मध्ये जॉर्जियाला आले आणि 2001च्या हंगामापासून स्वतःची वाईन क्वेव्रीत करू लागले. तोवर आधुनिक यंत्रसामग्रीचे पुरस्कर्ते मानल्या गेलेल्या माणसाने असे करणे हा युरोपात चर्चेचा विषय झाला. खुद्द जॉर्जियाला जाग आणली ती संकटाने. 2006 मध्ये रशियाने जॉर्जियन वाईनवर बंदी घातली. कारण आरोग्याचे सांगितले गेले, राजकीय तणाव सर्वांना दिसत होता. निर्यातीचा बहुतांश भाग एका दिवसात बुडाला. युरोप-अमेरिकेतल्या ग्राहकाला गोडसर लाल वाईनचे अप्रूप नव्हते. त्याच्यापुढे ठेवण्याजोगी वेगळी अशी वस्तू होती ती घरातली. 2007 मध्ये जॉन वर्डमन या अमेरिकी चित्रकाराने एका स्थानिक शेतकरी घराण्यातील उत्पादकाबरोबर सिघनाघी येथे क्वेव्री वाईनचा उद्योग उभारला. अलाव्हेर्दी मठातील साधूंची वाईनही परदेशी पेल्यांत पोहोचली. 2013 मध्ये युनेस्कोने क्वेव्री पद्धतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्याच वर्षी रशियाने बंदी उठवली आणि पुढे तोच पुन्हा सर्वांत मोठा ग्राहक बनला. कारखान्यांची गोडसर वाईन पुन्हा जुन्या वाटेने जाऊ लागली. एकूण उत्पादनात क्वेव्रीचा वाटा लहानसाच आहे.

‘वाईनची 8000 वर्षे’ हे जॉर्जियाचे आवडते घोषवाक्य. त्याला आधार आहे. तिबिलिसीच्या दक्षिणेस गादाच्रिली गोरा आणि शुलाव्हेरिस गोरा येथे सापडलेल्या खापरांत द्राक्षमद्याचे रासायनिक अवशेष आढळले. ती खापरे इसवी सनापूर्वी सुमारे 6000 ते 5800 या काळातील असल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. त्याआधी हा मान इराणच्या झाग्रोस पर्वतातील हाजी फिरूझकडे होता. मात्र त्या प्राचीन भांड्यांपासून आजच्या गाडलेल्या क्वेव्रीपर्यंत एकच अखंड रेषा ओढणे हे घोषवाक्याचे काम, पुराव्याचे नव्हे.

रांजण घडवणाऱ्यांचे चित्र मात्र बिकट आहे. मोठी क्वेव्री चाकावर होत नाही. मातीच्या जाड वळ्या एकावर एक चढवत, खालचा भाग थोडा सुकला की वरचा थर देत, ती आठवडेच्या आठवडे वाढवावी लागते; मग भट्टीत कित्येक दिवस भाजणे. भाजताना एक चीर गेली, की सारी मेहनत मातीत. चांगली साधलेली क्वेव्री पिढ्यान्‌पिढ्या टिकते, त्यामुळे गावातला गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. सोव्हिएत काळात हा धंदा थंडावला आणि अनेक घरांतून ती विद्या नाहीशी झाली. आता इटलीपासून अमेरिकेपर्यंतचे वाईन उत्पादक क्वेव्री मागतात, पण काखेतीतील वार्दिसुबानी किंवा इमेरेतीतील मकातुबानी अशा गावांत ती घडवू शकणारे हात मोजकेच आहेत.