२०१६ सालचा ताळेबंद : उधारी तोंडी, नुकसान रोख

दिल्ली-मुंबईच्या राजकारणाचा आणि सरहद्दीवरील घडामोडींचा आपल्या दुकानाशी काही संबंध नाही, असा आपल्या पुष्कळ व्यापारी बांधवांचा समज असतो. वर्तमानपत्राचे पहिले पान वाचून ते घडी घालून ठेवतात आणि गल्ल्यावर बसतात. सन २०१६ने हा समज खोटा ठरवला. त्या एका सालात पठाणकोट व उरी येथे हल्ले झाले, जीएसटीची घटनादुरुस्ती झाली, राज्याच्या मंत्रिमंडळात उलथापालथ झाली आणि नोव्हेंबरच्या एका रात्री खिशातील नोटा रद्द झाल्या. मलकापूरची जिनिंग, खामगावचे मार्केट यार्ड, चिखली-मेहकरची कापड दुकाने आणि रस्त्याकडेला गाद्या भरणारा पिंजारी, यांपैकी कोणीही त्यातून सुटला नाही. आता त्या सालाला बरीच वर्षे लोटली आहेत. राग आणि वाहवा दोन्ही बाजूला ठेवून त्याचा ताळेबंद मांडता येतो. तो मांडण्याची गरज एवढ्यासाठी, की त्या सालाने शिकवलेला धडा आपल्या बाजारात अजून पुरता उतरलेला नाही.

सालाची सुरुवात

२०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षे पावसाने दगा दिलेली होती. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी पुरवावे लागले. आपल्या जिल्ह्यातही शेतकऱ्याच्या हातात पैसा नव्हता. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की कापडाच्या दुकानात फक्त कफन आणि शाळेचा गणवेश विकला जातो, असे आमच्या धंद्यात म्हणतात. लग्नाचा बस्ता लोक पुढच्या सालावर ढकलतात.

त्यातच २९ फेब्रुवारीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक हजार रुपये व त्याहून जास्त किमतीच्या ब्रँडेड तयार कपड्यांवर २ टक्के अबकारी कर बसला. सोन्याच्या दागिन्यांवर १ टक्का अबकारी लागला आणि सराफांनी मार्च-एप्रिलमध्ये देशभर दीर्घ बंद पाळला. चांदीचे साधे दागिने त्या करातून वगळलेले होते. खामगावसारख्या चांदीसाठी नावाजलेल्या गावाला हा तेवढाच दिलासा होता. ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्याच्या गोवंश हत्याबंदी कायद्याला मान्यता दिली. परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र न्यायालयाने रद्द केले. कुरेशी बिरादरीच्या धंद्यावर आधीच आलेले संकट या निकालाने कायम झाले. बैलबाजार मंदावला आणि म्हातारे जनावर विकून पेरणीचा खर्च भागवणारा शेतकरीही अडकला.

जूनमध्ये राज्यात मोठी घडामोड झाली. शेजारच्या मुक्ताईनगरचे एकनाथराव खडसे यांनी ४ जून रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. महसुलाबरोबर कृषी खातेही त्यांच्याकडे होते. जुलैच्या विस्तारात कृषी खाते खामगावच्या पांडुरंग फुंडकरांकडे आले. जिल्ह्याला कृषिमंत्रिपद मिळाले आणि त्याच वर्षी पाऊसही समाधानकारक झाला. सोयाबीन, तूर, कापूस, तिन्ही पिके उभी राहिली. जुलैची ईद साधारण गेली होती. दिवाळी आणि त्यानंतरची लग्नसराई भरपाई करून देईल, अशी बाजाराला आशा होती. त्या आशेवर दुकानदारांनी सुरत, मालेगाव, बऱ्हाणपूर आणि भिवंडीहून माल उचलला. तो नेहमीप्रमाणे उधारीवर उचलला होता.

सरहद्द आणि रुई

२ जानेवारीला पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला. ८ जुलैला काश्मीरमध्ये बुऱ्हाण वानी मारला गेला आणि तेथील बाजारपेठा कित्येक महिने बंद राहिल्या. १८ सप्टेंबरला उरीच्या लष्करी तळावरील हल्ल्यात १९ जवान शहीद झाले. महिनाअखेरीस भारताने नियंत्रण रेषेपलीकडे सर्जिकल स्ट्राइक केल्याचे जाहीर केले. दोन देशांतील संबंध तुटण्याच्या टोकाला गेले.

याचा बुलढाणा जिल्ह्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध कापसाचा आहे. आपल्या जिल्ह्याची बाजारपेठ कापसावर उभी राहिली. खामगावचा कापूस बाहेर नेण्यासाठी १८७० साली जलंब-खामगाव रेल्वे फाटा टाकला गेला. तेव्हापासून येथील शेतकऱ्याच्या कापसाचा भाव दूरदेशीच्या गिऱ्हाइकावर ठरत आला आहे. २०१५-१६ च्या हंगामात पाकिस्तान हा भारतीय रुईचा मोठा खरेदीदार होता. नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानने रोगकिडीच्या तपासणीचे कारण देऊन ही आयात अडवली. कारण कागदोपत्री किडीचे होते, पण वेळ कोणती होती हे प्रत्येक व्यापाऱ्याला समजले. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची हमी किंमत क्विंटलला ४,१६० रुपये होती आणि खुल्या बाजारातील भाव त्याहून वर राहिला. त्यामुळे शेतकरी बुडाला नाही. परंतु माल बाहेर पाठवणाऱ्यांचे सौदे विसकटले. सरहद्दीवर गोळी सुटली की रुईच्या गाठीचा सौदा हलतो, एवढे यावरून कळते.

८ नोव्हेंबरची रात्र

मंगळवार, ८ नोव्हेंबर. रात्री सव्वाआठच्या सुमारास पंतप्रधानांनी ५०० व १,००० रुपयांच्या नोटा मध्यरात्रीपासून चालणार नाहीत, असे जाहीर केले. काळा पैसा, बनावट नोटा आणि दहशतवादाला मिळणारा पैसा ही तीन कारणे सांगितली गेली. देशात फिरणाऱ्या चलनाच्या किमतीपैकी सुमारे ८६ टक्के या दोन नोटांत होते. दिवाळी नुकतीच संपली होती, कापसाची वेचणी भरात होती आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई दारात होती. ग्रामीण व्यापारासाठी याहून नाजूक पंधरवडा सालभरात दुसरा नसतो.

चालू खात्यातून आठवड्याला ५० हजार आणि बचत खात्यातून २४ हजार काढण्याची मर्यादा आली. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई केली. खेड्यातील शेतकऱ्याचे खाते बहुधा याच बँकेत. आपल्या जिल्ह्याची मध्यवर्ती बँक तर त्याआधीच कित्येक वर्षे अडचणीत आणि परवान्याच्या प्रश्नात सापडलेली होती. त्यामुळे येथील शेतकऱ्याची कोंडी दुहेरी झाली. जिनिंगवाला चेक देऊ लागला, शेतकरी चेक घेईना, आणि चेक घेतला तरी बँकेत रोकड नव्हती. कापूस घरात पडून राहिला. कापूस घरात राहिला म्हणून बस्ता बांधला गेला नाही. बस्ता बांधला गेला नाही म्हणून मालेगाव-भिवंडीचे पैसे थांबले. तेथे यंत्रमागाच्या कामगाराचा पगार आठवड्याला रोखीत होतो. रोकड नाही म्हणून पुष्कळ माग थांबले आणि परप्रांतीय कामगार गावी परतले. थंडीचे दिवस पिंजारी बांधवांच्या कमाईचे असतात, पण गादी-रजई भरून घेणारे गिऱ्हाईक बँकेच्या रांगेत उभे होते.

चालू खात्यावरील मर्यादा ३० जानेवारी २०१७ पासून व बचत खात्यावरील १३ मार्च २०१७ पासून उठली. पुढे रिझर्व्ह बँकेच्याच अहवालानुसार रद्द झालेल्या सुमारे १५.४१ लाख कोटी रुपयांपैकी १५.३१ लाख कोटी, म्हणजे ९९.३ टक्के रक्कम बँकांत परत आली. २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ अशा बहुमताने हा निर्णय कायदेशीर ठरवला. त्यावेळी काढलेली २,००० ची नोटही मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली. निर्णय बरोबर की चूक, यावर विद्वानांचा वाद चालू राहील. व्यापाऱ्याने विचार करायचा मुद्दा वेगळा आहे.

एकाच रकमेचे दोन हिशेब

नोटा रद्द झाल्यावर बाजारात एक चमत्कारिक गोष्ट घडली. वर्षानुवर्षे न फिटलेली उधारी अचानक फिटू लागली. ज्याच्या दारात दहा खेपा घातल्या तो स्वतः दुकानात येऊन जुन्या नोटा मोजू लागला. दुकानदारापुढे पेच पडला. घ्याव्यात तर बँकेत भरताना जाब द्यावा लागणार, न घ्याव्यात तर उधारी बुडणार.

समजा, दोन दुकानदारांनी अशी ३ लाखांची वसुली घेतली आणि ३० डिसेंबरच्या आत बँकेत भरली. पहिल्याकडे बिलबुक होते. खतावणीत गिऱ्हाइकाचे नाव, तारीख, रक्कम आणि सही होती. त्याची विक्री आधीच हिशेबात धरलेली होती. आयकर खात्याने विचारले तर वही पुढे करण्यास त्याला अडचण नव्हती. दुसऱ्याची उधारीही तितकीच खरी आणि कमाई तितकीच हलाल होती, पण ती त्याच्या डोक्यात आणि चिठोऱ्यांवर होती. डिसेंबर २०१६ मध्ये दुरुस्त झालेल्या आयकर कायद्यानुसार ज्या रोख रकमेचा उगम सांगता येत नाही तिच्यावर अधिभार व उपकर धरून ७७.२५ टक्के कर लागत होता. ३ लाखांवर हा आकडा २,३१,७५० रुपये होतो. मेहनतीच्या पैशाला काळ्या पैशाचा दर लागण्याची पाळी केवळ कागद नसल्याने येते.

कारागिराची बाजू याहून कमजोर होती. शिंपी, पिंजारी, रंगारी, विणकर यांची मजुरी बहुधा तोंडी ठरते. ‘सेठ, बाकी किती?’ असे विचारले की ‘नंतर पाहू’ हे उत्तर मिळते. त्या हिवाळ्यात सर्वांची रोकड आटली तेव्हा व्यापाऱ्याने प्रथम मोठ्या पेढीचे देणे भागवले, कारण तिच्याकडे बिल होते. कारागिराचे देणे शेवटी राहिले. त्याच्याकडे फक्त याददाश्त होती.

आपल्याला तर हा हुकूम आधीपासूनच आहे

लेखी हिशेब म्हणजे सरकारी जाच, ही भावना आपल्यात खोल आहे. पण कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, नमाज-रोज्यावर नसून उधारीच्या व्यवहारावर आहे. मुदतीचे देणे लहान असो की मोठे, ते लिहून ठेवावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय आहे. देणेकऱ्याला मजकूर सांगायला लावण्यात कमजोराचे संरक्षण आहे. आपण मस्जिदीत ही आयत ऐकतो आणि दुकानात येऊन ‘जबान काफी है’ म्हणतो. जबान पाळणे ही शराफत आहे, पण माणूस मरतो, विसरतो, दिवाळखोर होतो. तेव्हा वारसांना आणि शरीफांनाही कागदच वाचवतो.

त्याच सालात बँकांत बिनव्याजी व्यवहाराची खिडकी हळूहळू सुरू करण्याचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने मांडला होता. २०१७ मध्ये तो सोडून देण्यात आला. म्हणजे व्याज टाळू इच्छिणाऱ्या व्यापाऱ्याची मदार आपसातील उधारीवरच राहिली. तेव्हा ती उधारी पक्की करणे हे आपलेच काम आहे.

पुढचे कायदेही तेच मागतात

२०१६ मध्ये सुरू झालेल्या दोन गोष्टींनी पुढचा बाजार बदलला. एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झाले आणि आज हातगाडीवरही त्याचा फलक दिसतो. ऑगस्टमध्ये राज्यसभेने जीएसटीची घटनादुरुस्ती मंजूर केली आणि १ जुलै २०१७ पासून, तोवर विक्रीकरातून बहुतांशी सुटलेले कापडही ५ टक्क्यांच्या कक्षेत आले. त्यानंतर २०२३ च्या वित्त कायद्याने सूक्ष्म व लघु उत्पादकाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देण्याशी आयकराची वजावट जोडली. येथेही कागद असणाऱ्याला तीसपट नव्हे, पण तिप्पट मुदत मिळाली.

आमच्या व्यापारी बांधवांना सुचवावेसे वाटते ते एवढेच. रोजमेळ रोजच्या रोज लिहावा. उधारीच्या प्रत्येक नोंदीवर गिऱ्हाइकाची सही किंवा अंगठा घ्यावा आणि त्याची एक प्रत त्याला द्यावी. कारागिराला कामाची चिठ्ठी द्यावी, तिच्यावर नग, दर, उचल आणि बाकी लिहावी. कारागिरानेही ती मागण्यात संकोच करू नये. ज्यांना मराठी-इंग्रजी हिशेब जमत नाही त्यांनी उर्दूत लिहावे. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांनी वर्षानुवर्षे तसेच लिहिले आहे. लिहिलेले असले तर करसल्लागाराला ते समजावून सांगता येते. गावोगावच्या व्यापारी संघटनांनी आणि जमातींनी रमजानपूर्वी एक दिवस नव्या पिढीला खतावणी शिकवण्यासाठी ठेवला, तर त्याचा उपयोग मोठ्या जलशाहून अधिक होईल. ईदचा माल उधारीवर उचलण्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात.