‘जाम’ झालेला आटा

१९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केल्यापासून इचलकरंजीत कापडाची व यंत्राची परिभाषा शेजारी शेजारी नांदत आली आहे. विणकराचे ‘सूत’ म्हणजे धागा, जोडाऱ्याचे ‘सूत’ म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेथे संदर्भ गोंधळ होऊ देत नाही. ‘जाम’ या शब्दाचे मात्र तसे नाही.

मोटारीच्या पेट्रोलनळीचा जोड ‘जाम झाला’ असे म्हणताना तीन भिन्न क्रिया एकाच शब्दात गोवल्या जातात. पोलादी आटे गंजतात, ही एक. पोलादी नट ॲल्युमिनियमच्या अंगात ओलाव्यासह राहिला, तर ॲल्युमिनियम झिजून त्याचा भुगा आट्यांत दाटतो, ही दुसरी. कोरडे आटे दाबाखाली घासून परस्परांस चिकटतात, ही तिसरी. तीत जोर लावणे हाच अपाय होय.

म्हणून पुनर्जोडणीपूर्वी आटे स्वच्छ करून त्यांस जामरोधक वंगणाचा पातळ थर द्यावा. तो शंकूच्या बैठकीस वा नळीच्या मुखास लागू नये. नट प्रथम बोटांनीच चढवावा. वंगणाने घर्षण घटते, तेव्हा आवळण्याचा जोरही कमीच हवा. पाने दोन घ्यावेत, अन्यथा नळी पिळवटते. टेफ्लॉनची फीत हा नळकामातला रिवाज. शंकूच्या जोडात गळती बैठकच थोपविते, आट्यांचे ते काम नव्हे. उलट फितीचा सुटलेला तुकडा कार्बोरेटरचे सूक्ष्म छिद्र बुजवू शकतो.