स्लॅब पडला, आता साइटवर जास्त फेऱ्या मारा!

स्लॅब पडला की पेढे वाटले जातात आणि मालकाच्या फेऱ्या कमी होतात. खरं तर इथून पुढेच लक्ष हवं.

आधी वर चढा. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवलंय ना? आयएस 456 या भारतीय मानकानुसार साध्या ओपीसी सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस आणि पीपीसीला (पोझोलाना मिसळलेल्या सिमेंटला) किमान 10 दिवस ओलावा लागतो. उन्हाळ्यात पीपीसीला सरळ 14 दिवस धरा. आपल्याकडे बहुतेक घरं पीपीसीतच होतात, त्यामुळे "सात दिवस झाले, बास" हे ऐकून घेऊ नका.

स्लॅब निदान डोळ्यांना दिसतो, आतलं काम मात्र गिलाव्याखाली कायमचं गडप होतं. म्हणून झिरी पाडून वायरिंगचे आणि नळाचे पाइप बसले, की प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. तोही टेप लावून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल असा. पुढे गीझर टांगताना ड्रिल पाइपात घुसत नाही! त्याच फेरीत विटा आणि कॉलमच्या सांध्यावर जाळी मारलीय का बघा. तिथेच उभे तडे जातात.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅप बंद करून दोन दिवस पाणी तुंबवा आणि खालच्या खोलीचं छत तपासा. फरशी बसण्याआधी, नंतर नाही.

बाहेरचा गिलावा दोन थरांत घ्या. खिडकीच्या छज्ज्याखाली पाणतोडीची खाच ठेवायला गवंड्याला आधीच सांगा. गिलावा सुकल्यावर ती कुणी पाडून देत नाही.